पालुपीच्या रॅकेटचा ताण

पालुपी तेंपे करून विकते. सोयाबीन शिजवायचं, केळीच्या पानात बांधायचं, मुरवत ठेवायचं. आमच्या वोनोसोबो गावात निम्म्या बायका हेच करतात, तेव्हा त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं आहे ते तिचं बॅडमिंटनच्या जाळ्यापाशी उभं राहणं. दुहेरीत ती कायम पुढे. अंगानं बारीक, मनगट मात्र पाण्यासारखं. शटल तिच्या रॅकेटवरून जाळ्यापलीकडे असं ओघळायचं की समोरची बाई नुसती बघत राहायची.

रॅकेटही तशीच होती तिची. तोंडाकडे हलकी, सगळा भार मुठीत, म्हणजे झटकन वळते. गटिंग, म्हणजे तारांची ओढ, तेवीस पौंडांवर. चौकातले को लिओंग, को म्हणजे दादा, सगळ्या गावाच्या रॅकेटींना तारा बांधतात. ते म्हणायचे, पालुपीच्या रॅकेटची तार कधी तुटत नाही, म्हातारी होऊन मरते.

तिच्या मागे खेळायची निंग्रुम. उंच, रुंद खांद्यांची, बाजारात कोबी-बटाटे विकायची. तिची रॅकेट तोंडाला जड, दांडा लोखंडासारखा ताठ, आणि गटिंग सत्तावीस पौंड. को लिओंग दर वेळी कुरकुर करायचे, "अगं, एवढी कडक तार स्वतःहून काही देत नाही. सगळा जोर तुझ्या हातानं घालायचा. खांदा जाईल एक दिवस."

"खांदा माझा आहे ना, को? तुम्ही तार ओढा," निंग्रुम म्हणायची.

खांदा खरंच दुखायचा तिचा, पण स्मॅश मारला की हॉलचं पत्र्याचं छप्पर वाजायचं. आणि शटल उंच आलं की मागून एकच आरोळी, "सोड, माझं!" पालुपी मागे न बघता बाजूला व्हायची. इतकी वर्षं खेळल्या, पण एकमेकींच्या रॅकेटला रॅकेट कधी लागली नाही.

मग एका पावसाळ्यात घाटात मिनीबसचा ब्रेक गेला. निंग्रुम त्या बसमध्ये होती.

पालुपी बरेच महिने हॉलकडे फिरकली नाही. शेवटी मीच तिला ओढून आणलं. माझं कपडे धुण्याचं दुकान आहे, तिच्याच गल्लीत. मी काही मोठी खेळाडू नाही, पण मागे उभी राहून शटल परत पाठवण्याइतपत येतं.

"म्बाक असिह, तुला धाप लागते गं," पालुपी म्हणाली. म्बाक म्हणजे ताई, आमच्याकडे सगळ्याच बायकांना म्हणतात.

"लागू दे. तुझं तेंपे खाऊनच लागते," मी म्हटलं. तेव्हा ती बऱ्याच दिवसांनी हसली.

पहिले काही रविवार बरे गेले. मग तिच्या तारा तुटायला लागल्या.

एकदा तुटली, आम्ही लक्ष दिलं नाही. पुन्हा तुटली. तिसऱ्यांदा मी तिच्यासोबत दुकानात गेले. को लिओंगनी चष्मा कपाळावर चढवला आणि तुटलेल्या जागेवर बोट ठेवलं. तार अगदी वर, टोकाजवळ, डाव्या अंगाला तुटली होती. तुटक्या टोकांना घासल्याची खूणही नव्हती.

"स्मॅश मारायला लागलीस का गं?"

"नाही, को. मी पुढेच असते. हिला विचारा."

मी मान हलवली. पण हलवताना मला आठवलं की गेल्या रविवारी दोन वेळा मी मागे वळले तर पालुपी माझ्याही मागे होती, हात वर, आणि शटल पलीकडे जमिनीवर. मी समजले, दमल्यामुळे माझं लक्ष नव्हतं.

"इथं तार कोण तोडायचं, ते तुम्हाला दोघींनाही ठाऊक आहे," को लिओंग म्हणाले.

पालुपीनं उजवा खांदा चोळला. हल्ली ती तो सारखा चोळायची. "मला एक जड तोंडाची रॅकेट दाखवा ना," ती म्हणाली. "हात आपोआप वर जातो. ही हलकी त्याला पुरत नाही."

"दाखवतो. पुढे खेळणाऱ्याला हलकी, मागून मारणाऱ्याला जड. रॅकेट खेळाला जुळवून घ्यायची, त्यात काही अवघड नाही." त्यांनी चष्मा नाकावर घेतला. "पण आधी हा खेळ कुणाचा आहे, ते सांग."

"मला कसं कळणार?" पालुपी इतक्या हळू म्हणाली की को लिओंगनी घाईघाईनं रेडिओ लावला.

शेवटी त्यांनी जड रॅकेट दिलीच नाही. जुनीच वीस पौंडांवर बांधली. "सैल तार मऊ असते. शटल क्षणभर धरते आणि मग भिरकावते. खांद्यालाही आराम. त्यातून जोरात मारलंस तर शटल रेषेबाहेर जाईल. चार वेळा गेलं की हात शहाणा होतो."

शटल खरंच बाहेर जायला लागलं. आम्ही हरत होतो, पण पालुपी खूश होती. हात वर जाणं कमी झालं होतं.

मग धुक्यातला तो रविवार आला. डोंगरावरून धुकं उतरून थेट हॉलच्या दारात आलं होतं. समोरच्या बाईनं शटल उंच उचललं. पालुपी जाळ्यापाशी, मी मागे. शटल सरळ माझ्यावर येत होतं, मी हात उचलला, आणि आवाज आला.

"सोड, माझं!"

मी बाजूला झाले. विचार करायला वेळच नव्हता. त्या आवाजाला गावातलं कुणीही बाजूला झालं असतं. शटल रिकाम्या जागेत पडलं.

पालुपी वळली. "सोडलंस का?"

"तू ओरडलीस ना?"

"मी? मी कुठे ओरडले?"

समोरच्या दोघी एकमेकींकडे बघत होत्या. त्यातली एक म्हणाली, "म्बाक पालुपी, तुमचेच ओठ हलले. आम्ही पाहिलं. आवाज मात्र..."

तेवढ्यात खिडकीजवळच्या बाकावर कुणीतरी हुंदका दिला. निंग्रुमची आई, सारिनेम. तिला सगळे बू म्हणतात, म्हणजे आईच. ती कधीपासून येऊन बसत होती कोण जाणे. पालुपी तिच्या पायाशी जाऊन बसली.

"बू, तुम्ही रोज येता?"

"दर रविवारी येते गं. पहिल्यांदा बाहेरून जाता जाता छप्पर वाजलेलं ऐकलं. म्हटलं, हा माझ्या पोरीचा हात. मग येतच राहिले." म्हातारीनं पालुपीचा उजवा हात दोन्ही हातांत धरला, आणि तो हात कुणाचा समजून धरला होता ते बघवत नव्हतं.

"माझा खांदा फार दुखतो, बू."

"तिचाही दुखायचा."

मी विचारलं, "तिची रॅकेट कुठे आहे?"

"दारामागे टांगलीय. जशीच्या तशी. मी हातही लावला नाही."

दुसऱ्या दिवशी हे को लिओंगना सांगितलं तर ते ताडकन उठले. "तारेसकट? रॅकेट वापरायची नसेल तर तार कापून ठेवतात, बूला कुणी सांगितलं नाही? सत्तावीस पौंडांची ओढ आहे ती. फ्रेम दिवसरात्र सोसत बसते. तिला सुटकाच नाही."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्याही लक्षात आलं.

बू सारिनेम लगेच तयार झाली नाही. "कापली की ती येणार नाही ना मग?" तिनं विचारलं. पालुपीच म्हणाली, "नका कापू, बू. मी सोसते." म्हातारीनं तिच्या खांद्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग म्हणाली, "एकदा तिच्या रॅकेटनं खेळून दाखव. मग मीच कापते."

पुढच्या रविवारी आम्ही खेळलो. पालुपी मागे, हातात निंग्रुमची रॅकेट. मी आयुष्यात पहिल्यांदा पुढे. मागे वळून बघायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. पाठीमागे बुटांचा आवाज जड पडत होता. पालुपीचा पाय असा कधी पडला नाही. छप्पर वाजत होतं. "सोड, माझं!" आलं की मी सोडत होते. माझ्या मानेवरचे केस उभे होते, तरी खरं सांगते, इतकं निर्धास्त मी कोर्टवर कधीच उभी नव्हते. आम्ही दोन्ही गेम जिंकलो. पलीकडच्या बायकांनी हात मिळवले ते फक्त माझ्याशी.

बू सारिनेमनं घरची कात्री आणली होती. को लिओंग शेजारी बसले. "मधोमध कापायचं, मग चहूबाजूंनी. एका अंगानं कापलं तर फ्रेम वाकडी होते." पहिली तार तुटली तेव्हा मोठा टणत्कार झाला. नंतरच्यांना आवाज नव्हता. म्हातारी शेवटची तार कापून होईपर्यंत रडली नाही. मग रिकामी फ्रेम मांडीवर घेऊन तिनं तिच्यातून आरपार हॉलकडे पाहिलं, आणि उठून घरी गेली. त्यानंतर ती रविवारी आली नाही. भेटायला गेलं तर गूळ घातलेला चहा देते, इकडचं तिकडचं बोलते.

पालुपीचा खांदा हळूहळू बरा झाला. को लिओंगनी तिला नवी रॅकेट निवडून दिली. ना तोंडाला जड ना मुठीला, मधल्या तोलाची, चोवीस पौंडांवर बांधलेली. पुढेही चालते, कधी मागे जावं लागलं तरी चालते. पालुपी म्हणते, आता मागे जायचीही थोडी सवय झालीय. तार तुटते कधीमधी, पण मधोमध, सगळ्यांची तुटते तशी.

त्या दिवसाबद्दल आम्ही फारसं बोलत नाही. मागे एकदा तिच्या दारात तेंपे घेत होते, तेव्हा तिनं पानाची गाठ मारता मारता विचारलं, "म्बाक असिह, त्या दिवशी आपण जिंकलो की हरलो?"

"म्हणजे?"

"मला हॉलच्या दारात चप्पल काढली तेवढं आठवतं. नंतरचं एकदम बू कात्री पुसत होती ते."

जिंकलो, मी म्हटलं. तिनं मान हलवली आणि दुसरं पान घेतलं.