पुढची चाकं

नाला आला की नाना जीप थांबवत, चपला काढत आणि अनवाणी रेतीत उतरत. तळव्यांना ओल कळली की वाकून पुढच्या चाकांच्या मधोमध असलेले हब हाताने फिरवत. मग पुढची चाकंही गाडी ओढू लागत. आम्ही मुलं मागून ओरडायचो, "नाना, चला ना!" ते म्हणत, "पहिले नालाले इचारू द्या."

नाना म्हणजे माझे मोठे काका. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. लष्कराच्या लिलावातून आलेली ती जुनी जीप त्यांनी अर्धं आयुष्य चालवली. दारं नव्हती, काच बॉनेटवर आडवी पडायची. पाड्यांवरच्या अडलेल्या बाया, मोहाची पोती, शेळ्या, सगळं त्यातूनच दवाखान्याला किंवा बाजाराला जाई. कोणी गाडीच्या रूपाला हसलं तर म्हणत, "गाडी दिखाले बरी नको, चिखलमाईन निंघाले बरी जोयजे."

पुढे गुडघ्यांनी क्लच दाबवेना आणि जीपचे कागदही नवे होईनात. धुळ्याच्या रस्त्यावरच्या एका ढाबेवाल्याने ती नेली. त्याच वर्षी प्रशांतने, त्यांच्या मुलाने, नवी गाडी आणली. चौकोनी तोंड, पाठीवर चाक, मातकट हिरवा रंग.

"नाना, मिलिटरी लूक शे!"

नानांनी गाडीला एक फेरी मारली, दारावरचा एक बोल्ट नखाने टोकरला. तो प्लास्टिकचा होता. "लूक शे भो. पन मिलिटरी कोठे शे?" मग प्रशांतचा चेहरा पाहून हळूच म्हणाले, "लगीनमा मस्त शोभी."

गेल्या श्रावणात दुपारी त्यांच्या छातीत कळ आली. मी मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. नाल्यात पाणी थोडंच होतं. प्रशांतने वेग कमी केला, तसे नानांनी डोळे उघडले.

"हब फिरावात का रे?"

त्या गाडीला फिरवायला हब नव्हतेच. ओढायची ती फक्त मागची दोन चाकं. प्रशांतने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"हा नाना. फिरावात."

"मंग घाल," ते म्हणाले आणि निर्धास्त डोळे मिटले.

मधोमध मागची चाकं रेतीत रुतली. प्रशांत जितका अॅक्सिलरेटर दाबे तितकी ती खोल जात. पुढची नुसतीच उभी होती. ट्रॅक्टर आला तेव्हा नानांचा हात गार पडला होता.

परवा धुळ्याला जाताना मी त्या ढाब्यावर उतरले. जीप सिमेंटच्या ओट्यावर आहे, लाल रंगवलेली. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "ताई, वर बसा ना, फोटो मस्त येतो." मी बसले नाही. वाकून पुढच्या चाकाचा हब धरला. त्यावर रंगाचे थर चढले होते. दोन्ही हातांनी जोर लावला.

तो फिरला नाही.