कॅम्पातल्या बंगल्याची शेकोटी

छापण्याजोगे काही मी लिहावे हा आगाऊपणाच आहे, तो वाचणाऱ्यांनी पोटात घालावा. मी शाळेत जाईपर्यंत आमच्या घरात एकच पेन्सिल होती, तीही फळीवर खूण करायची. कॉलेजात पोहोचलेला घरातला मी पहिला. वर्गात उत्तर येत असले तरी माझा हात वर जात नसे. पुस्तकातल्या गोष्टींबद्दल मला अजूनही तेवढा भरवसा वाटत नाही. पण शेकोटी कशी बांधावी हे मी ठामपणे सांगू शकतो, कारण ती मी आधी चुकीची बांधली आणि मग बरोबर बांधली.

लढाईची वर्षे होती. बेळगावच्या कॅम्पात एका वकिलांनी गोऱ्या साहेबाचा जुना बंगला घेतला होता. मागच्या तबेल्यातली एक खोली त्यांनी मला राहायला दिली होती. मी बागेला पाणी घालावे, बाजारातून सामान आणावे आणि दोन वेळ मागच्या ओसरीवर जेवावे, असे ठरले होते. वकिलांच्या पत्नीला मी काकू म्हणत असे. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआडून वाढत, पण पोटभर वाढत.

त्यांची एकुलती लेक निपाणीला तंबाखूच्या व्यापाऱ्यांच्या घरी दिली होती. मी येण्याच्या आदल्या थंडीत ती पहिल्या बाळंतपणाला या बंगल्यात आली होती. छत उंच, भिंती पावसाने ओलावलेल्या. बाजेखाली शेगडी ठेवली तरी ऊब अंगाला लागेना. दुसऱ्याच आठवड्यात बाळाच्या छातीत कफ भरला आणि ते गेले. लेकीला परत नेताना तिच्या सासूबाई बोलून गेल्या होत्या, की या घरात पुन्हा बाळंतपण नाही. आता लेकीला पुन्हा दिवस गेले होते. तिला आईजवळच यायचे होते. काकूंच्या मनात दुसरा विषय नव्हता. भाजी निवडताना, वाती वळताना त्या तेच बोलत, आणि ऐकायला बहुधा मीच असे.

हॉलमध्ये साहेबाच्या वेळची शेकोटी होती. भिंतीत केलेला मोठा कोनाडा, वर छपरातून जाणारे धुराडे आणि कोनाड्यावर एक लांब लाकडी फळी. फळी वाळवीने पोखरली होती. कोनाड्यात काकूंनी लोणच्याच्या बरण्या ठेवल्या होत्या. घरातली सगळ्यांत गार जागा तीच, असे त्यांचे म्हणणे होते.

एकदा बरणी काढायला मला आत बोलावले तेव्हा मी वाकून वर पाहिले आणि विचारले, "काकू, ही शेकोटी मी नीट करू का?"

"तू? तू तर बीजगणित शिकतोस ना रे?"

"गुऱ्हाळाचं चुलवाण आमच्याकडं आम्हीच बांधतो. आप्पा चुलव्या आहेत."

काकूंना चुलवाण म्हणजे काय ते सांगावे लागले. उसाचा रस ज्या मोठ्या काहिलीत आटवतात तिच्याखालची जमिनीत खणलेली भट्टी म्हणजे चुलवाण. तिच्या तोंडाशी बसून चिपाडांचा जाळ घालतो तो चुलव्या. माझे वडील दर हंगामात तेच काम करत.

वकीलसाहेब पेपरामागून म्हणाले, "करू दे त्याला. गवंडी सगळे मिलिटरीच्या कामावर आहेत. एक आला होता, तो म्हणाला कोनाडा बुजवून टाका."

"आणि घराला आग लागली म्हणजे?"

"तर खटला मी चालवीन. बाहेरचा वकील नको."

मी कामाला लागलो. धुराड्यावर कोणीतरी पावसासाठी पत्रा ठोकला होता, तो उचकटला. वरून दोरीला काटेरी फांदी बांधून खाली ओढली, तेव्हा पाखरांची घरटी, गांधीलमाशांचे पोळे आणि टोपलीभर काजळी खाली आली. मी हॉलमधून बाहेर निघालो तर काकू ओरडल्या, "तसाच थांब! भिंतीला हात लावू नकोस! श्वास तरी जपून सोड!"

सिमेंट मिळत नव्हते आणि मला ते नकोही होते. आत जाळ लागतो तिथे तांबडी माती, राख आणि बारीक केलेली चिपाडे तुडवून केलेला गारा वापरला, बाहेर चुना आणि गुळाचे पाणी. कोनाड्याची जमीन फोडून मी खोल खड्डा घेतला. तोंड लहान ठेवले आणि मागच्या बाजूने धुराड्याला ऐसपैस वाट दिली. हात चालत होते तसे मला वाटत होते, की ज्या कामात मला कोणाला विचारावे लागत नाही असे काम या शहरात अखेर मला सापडले.

आप्पा बाजाराला आले होते, त्यांना मी मुद्दाम बोलावले. ते पायताण बाहेर काढून हॉलमध्ये उकिडवे बसले. मी चार काटक्या पेटवल्या. जाळ घोंघावत आत गेला आणि धूर म्हणून हॉलमध्ये आला नाही.

"ओढ बघ रं कशी हाय!" आप्पा मांडीवर थाप मारून म्हणाले. "वैनीसाब, ह्येच्यावर कायल चढवा, दिस कलायच्या आत गूळ उतरतोय का न्हाय बघा."

"गूळ नको हो," काकू हसत म्हणाल्या, "नातवंड येऊ दे."

श्रावणात काकूंनी विहीणबाईंना जेवायला बोलावले. पावसाची झड नुकतीच थांबून गार वारा सुटला होता. मी शेकोटी पेटवून मागच्या दाराशी उभा राहिलो. विहीणबाई टांग्यातून उतरल्या, हॉलमध्ये आल्या, खुर्चीवर बसल्या. जाळ गर्जत होता. थोड्या वेळाने त्यांनी खुर्ची पुढे घेतली. मग शाल पांघरली. मग पाठीमागे वळून दाराकडे पाहिले.

"जाळ दांडगा आहे हो," त्या म्हणाल्या. "पण त्याची ऊब जाते कुठं? समोर गुडघे भाजतात आणि पाठीला वारं झोंबतंय."

"अजून भिंती तापायच्या आहेत," काकू म्हणाल्या.

"छप्पर तापलंय की. टांग्यातून उतरताना मी बघितलं, तुमचं मांजर धुराड्याला टेकून निजलंय. त्यालाच बोलवा बाळंतपणाला."

जेवण झाले, पान झाले, ओटी भरली. लेकीला पाठवण्याचा विषय विहीणबाईंनी निघू दिला नाही. टांगा गेल्यावर काकू स्वयंपाकघरात गेल्या. त्या दिवशी माझे ताट वकीलसाहेबांनी आणून दिले.

दुसऱ्या सकाळी मी शेकोटी पुन्हा पेटवली आणि विहीणबाईंच्या खुर्चीवर बसलो. त्या घरातल्या खुर्चीवर मी तोवर बसलो नव्हतो. दाराचा पडदा सारखा आत फुगत होता. बाहेरची गार हवा फटींतून येऊन माझ्या पाठीला लागत होती आणि शेकोटीत शिरून वर पळत होती. जाळ जितका मोठा तितका वारा मोठा. आप्पांची आठवण झाली. चुलवाणापुढे बसलेल्या आप्पांची छाती घामाने भिजलेली असे आणि पाठीवर घोंगडे असे. ते मी लहानपणापासून पाहिले होते. चुलवाणाला हवेची ओढ लागते कारण सगळी आग काहिलीखाली न्यायची असते. चुलव्याला ऊब मिळते की नाही हे कोणी विचारत नाही. या हॉलमध्ये काहील नव्हती. इथे सगळे चुलव्याच्या जागी बसणार होते.

मी काकूंना म्हणालो, "हे पाडतो आणि दुसरं बांधतो."

"आता कशाला रे? झालं ते झालं."

"चूक कुठं आहे ते मला कळलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या बोलण्यात चाचरणे नव्हते, हे बहुधा त्यांच्याही ध्यानात आले असावे. "बांध," एवढेच त्या म्हणाल्या.

खड्डा बुजवला. कोनाडा उथळ केला. मागची भिंत सरळ न ठेवता वर जाताना पुढे झुकती घेतली आणि दोन्ही बाजूच्या भिंती सुपासारख्या बाहेर उघडल्या, म्हणजे तापलेल्या विटा खोलीकडे तोंड करून राहतील. धुराड्याची वाट हात कसाबसा जाईल एवढी अरुंद ठेवली. धूर जावा, पण आग पळू नये. पहिल्या जाळाला थोडा धूर आत आला, तेव्हा कोनाड्याच्या वरच्या काठाला आणखी एक वीट लावून तोंड जरा खाली आणले आणि तो थांबला. जाळ आता घोंघावत नव्हता. एका जागी बसून लालबुंद होत होता.

वरच्या फळीसाठी आप्पांनी गावाहून बाभळीचा ओंडका गाडीत टाकून आणला. उसाच्या जुन्या लाकडी घाण्याचा तो भाग होता. लोखंडी चरक आल्यापासून गोठ्यात पडला होता. तो मी सुताराच्या वाकसाने तासला. बाभूळ इतकी टणक, की वाकसाला पुन्हा पुन्हा धार लावावी लागली. साहेबाची फळी साहेबाच्या उंचीची होती. काकूंना मी भिंतीशी उभे केले आणि हात वर करायला सांगितले.

"हे कशाला?"

"दुपटी गरम करायला ठेवाल, तर हात पोचायला नको?"

पदर सावरून त्या हात तसाच वर धरून राहिल्या, मी खूण करीपर्यंत. फळीखाली मी दगडाची पट्टी घातली, म्हणजे लाकडाला आच लागणार नाही. तेल पाजल्यावर बाभळीचा रंग गुळासारखा दिसू लागला. बरण्या माजघरात गेल्या.

नवी शेकोटी दाखवायला विहीणबाईंना पुन्हा बोलवायचा काकूंना धीर होईना. पण दिवाळीला जावई आले. तेल लावून, नहाणे करून ते शेकोटीपुढे बसले. आधी कोट काढला, मग खुर्ची मागे सरकवली, आणि बोलता बोलता मान टाकून झोपी गेले. फराळाला उठवावे लागले.

"घरी आईला सांगतो," जाताना ते म्हणाले. "माझं ती ऐकेलच असं नाही."

पुढे निपाणीहून काही कळले नाही. सातवा महिना सरला. आठव्यात पोटुशीला कोणी हलवत नाही. नववा लागण्याच्या सुमारास नाताळची सुट्टी पडली आणि मला गावी जावे लागले. निघताना काकू शेकोटीपुढे सरपण रचत होत्या. कोणी येणार असे त्यांनी म्हटले नाही आणि मी विचारले नाही.

गावात गुऱ्हाळ चालू होते. आप्पा गूळ घेऊन बेळगावला गेले की त्यांच्या जागी चुलवाणाशी मी बसे. जाताना त्यांना बंगल्यावर डोकावून यायला सांगत होतो. एकदा त्यांना उशीर झाला म्हणून ते गेलेच नाहीत. पुढच्या खेपेला गाडी परतली, ती ऊन उतरताना. आप्पांनी बैल सोडले, वैरण टाकली, पाणी पाजले. मग अडत्या कसा वागला ते सांगू लागले.

"आप्पा, बंगल्यावर गेलता का न्हाय?"

"गेलतो की. चहा पाजला वैनीसाबानी. बशीतनं न्हवं, चांगला कपातनं."

"आणि?"

"आणि काय? जावई नवाकोरा कोट घालून..."

"आप्पा!"

"सांगतोय की रं! लेक आलीया वैनीसाबांची. नववा लागल्यावर सासूच घिऊन आली सोताहून. परवा दिस उगवाया मोकळी झाली. पोरगी हाय, लई मोठ्यानं रडतीया, रस्त्यापतुर ऐकू येतंय. मायलेकी दोघी झ्याक हायत. सासू मातर शेकोटीम्होरं पोरीला मांडीवर घिऊन बसलीया, आन् वैनीसाबास्नी हात लावू दीना झालीया."