पोपटच्या वाट्याचं लोणी

पोपटचा फोन आला तेव्हा मी बोट टोचून बसलो होतो. सकाळी चहाच्या आधी शुगर बघायची, हा माझा अकरा वर्षांचा नेम. रक्ताचा थेंब पट्टीला टेकवला आणि मोबाईल वाजला. "आरुन, आई गेली," पोपट म्हणाला. "झोपेतच गेली रं. मंदा उठवाया गेल्ती, तर..." मीटरवर आकडा येऊन विझूनही गेला. त्या दिवशी माझी शुगर किती होती ते मला अजून माहीत नाही. नगरहून श्रीगोंद्याच्या वाटेला लागलो, तेव्हा रडू यायच्या आधी भलतंच काहीतरी मनात आलं... तीन आठवड्यांपूर्वी मी तिला जे बोललो, त्यानंतर ती नीट जेवली असेल ना?

सोनाकाकू माझी चुलती. पोपट तिचा मुलगा, मंदा सून. मी आठव्या महिन्यातच जन्माला आलो आणि आई त्या बाळंतपणातून उठलीच नाही. सातव्या महिन्याचं पोर जगतं, आठव्याचं जगत नाही, असं आमच्याकडं म्हणायचे. त्यामुळं माझ्या नावानं सगळ्यांनी पाणी सोडलेलंच होतं. वडील साखर कारखान्यावर कामाला. त्यांना तर मला उचलायचीही भीती वाटायची. पोपट तेव्हा आठ महिन्यांचा होता. काकूनं त्याचं अंगावरचं दूध तोडलं आणि मला छातीशी धरलं. तो भाकरीच्या कुस्कऱ्यावर आणि कण्यांच्या पेजेवर गेला, मी त्याच्या जागेवर गेलो. ही गोष्ट काकूनं मला कधी सांगितली नाही. गावातल्या बायांनी मात्र इतक्यांदा सांगितली की ती मला आठवतेच असं वाटतं.

त्याच दिवसांत तिनं देवीला नवस बोलला होता : पोर जगलं तर पाचव्या वर्षी त्याची गुळानं तुला करीन. गुळाला आमच्याकडं तोटा नाही, हंगामात गावाभोवती तीन-चार गुऱ्हाळं चालायची. तोटा होता तो माझ्या वजनाचा. देवीपुढं हलकं पोर न्यायचं कसं, याची काकूला भारी काळजी. पाच वर्षं उलटून गेली तरी दोन ढेपांत उरकेल असा मी होतो, म्हणून तिनं चक्क वर्षभर नवस पुढं ढकलला आणि मला तयार करायला घेतलं, एखाद्या पैलवानाला करावं तसं! घरात म्हैस एकच. ताक घुसळलं की निघेल तेवढं लोणी एका पितळी वाटीत, त्यावर गुळाचा खडा, आणि ती वाटी माझी. पोपटला ताक, भाकरी, मटकी, भाजलेले शेंगदाणे, शेताच्या बांधावरची बोरं. त्यानं वाटीकडं बघितलं की काकू म्हणायची, "त्येला आई न्हाई रं बाबा." पोपट मुकाट्यानं उठून शेरडांमागं पळायचा.

तुलेच्या दिवशी आडतीवरचा मोठा काटा आणून देवळापुढच्या लिंबाला टांगला होता. पारड्यात बसवण्याआधी काकूनं हळूच मला तांब्याभर पाणी पाजलं. देवीशीसुद्धा लबाडी, पण माझ्या बाजूनं! ढेपांवर ढेपा चढल्या, बाया तोंडावर हात ठेवून बघत राहिल्या, आणि काकूचा चेहरा असा फुलला की मूर्तीपेक्षा तिच्याच पाया पडावं. मग मी उतरलो आणि गंमत म्हणून पोपट पारड्यात चढून बसला. निम्मा गूळ उतरवला तरी त्याचं पारडं खाली येईना. माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, "सोनाबाई, तुझं सोताचं पोर तर शेवग्याची शेंग हाय की!" काकूनं पोपटला पारड्यातून उचललं, कडेवर घेतलं, आणि आठ पावलं लांब जाऊन आमच्याकडं पाठ करून उभी राहिली. हे मी पाहिलं की मागाहून कुणी सांगितलं, कोण जाणे. पण तिची ती पाठ मला दिसते.

त्या दिवसापासून गावानं माझं नाव 'ढेप' पाडलं. ते शाळा, कॉलेज ओलांडून पार माझ्या लग्नाच्या मांडवापर्यंत आलं. आता अंगाचं म्हणाल तर ते गंमतशीर आहे. हातपाय काड्या, दंडात बेडकुळी शोधून सापडणार नाही आणि मधे हे पोट. सत्तेचाळिसाव्या वर्षी शुगर निघाली. पोपट माझ्याहून आठ महिन्यांनी मोठा. अजून उसाच्या वाढ्यांचा भारा एका दमात डोक्यावर घेतो. पंचायतीपुढं तपासणीचं शिबिर झालं तेव्हा त्याच्या कागदावर एकही खूण नव्हती. माझ्या कागदावर खुणांशिवाय काही नव्हतं. एका घरात, एका छातीचं दूध पिऊन वाढलेली ही दोन शरीरं. साय मला मिळाली आणि धडधाकट निघाला तो... कुणाचा कुणावर अन्याय झाला, याचा मला काही केल्या हिशेब लागत नाही.

यंदा एका नव्या डॉक्टरनं पहिल्यांदाच माझ्या जन्माची चौकशी केली. ऐकून म्हणाला, "जन्मताना बारीक असलेल्या मुलाला लहानपणी भराभर जाड केलं, तर पुढं काही वेळा चरबीच जास्त वाढते, स्नायू तेवढे भरत नाहीत. आणि ती चरबी पोटाभोवती बसते, असं बघण्यात आलंय." मी खुर्चीतून जवळजवळ उठलोच. तो हसून पुढं म्हणाला, "पण काका, तुमचं नेमकं त्यानंच झालं असं नाही सांगता येणार. तीस-पस्तीस वर्षं शाळेच्या कचेरीत बसून काढलीत, तेही आहे. आणि तेव्हा खायला घातलं नसतं, तर तुम्ही आज इथं आलाच नसता." एवढं सगळं तो बोलला होता. मी घरी येताना पहिलं तेवढं बरोबर घेऊन आलो, बाकीचं दवाखान्यातच ठेवून आलो.

पुढच्याच रविवारी नऊ महिन्यांच्या नातीला, ओवीला, काकूला दाखवायला नेलं. काकू चौऱ्याऐंशीच्या पुढची, पण लेकरू कसं मांडीवर घ्यायचं ते हात विसरले नव्हते. तिनं मंदावहिनीला तीच पितळी वाटी आणायला सांगितली, लोण्यात गूळ कालवला आणि बोट ओवीच्या ओठांशी नेलं. मी तिचं मनगट धरलं. धरलं कसलं, हिसकलं. "काकू, नको! याच लोण्यानं माझं हे असं झालंय. डॉक्टरनं सांगितलंय."

काकूनं बोट पदराला पुसलं.

"डाक्टर म्हनला? लोन्यानं?"

"लोण्यानं आणि गुळानं."

"आन ज्येला न्हाई घातलं, त्येचं बरं ऱ्हातंय?"

मी विचार न करता म्हणालो, "बघ की तुझ्या पोराकडं."

ती पोपटकडं बघत राहिली... फार वेळ. नंतर माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. आम्ही निघालो तेव्हा दारापर्यंतही आली नाही. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदा झालं. गाडीत बायको, सुमन, एवढंच म्हणाली, "कळतं तुम्हाला, पण कधी काय बोलावं ते कळत नाही." मी म्हणालो, पुढच्या खेपेला समजूत काढीन. पुढची खेप तिच्या मातीची होती.

तेराव्याला माणसं पांगल्यावर मी पोपटला ओट्यावर गाठलं आणि सगळं कबूल केलं. मीच तिला मारलं, असंही काहीतरी बोललो. पोपट तंबाखू मळत ऐकत होता. म्हणाला, "येडा हायेस का? तू गेल्यावर आईनं मला जवळ बसवलं. माझं दंड चाचपलं. म्हनली, पोपट, तुझ्या वाट्याचं लोनी मी आरुनला घातलं, त्येचं मला जलमभर खात हुतं. बरं झालं बाबा, न्हाई घातलं. आन हसली रं... लई हसली. त्या दिवशी दीड भाकर खाल्ली तिनं."

मला हायसं वाटलं. एवढ्यात तो म्हणाला, "मंग रडली. म्हनली, आई नसलेलं लेकरू माज्या वटीत घातलं हुतं, त्येचं मी वाटुळं केलं."

मी घाईघाईनं डॉक्टरचं उरलेलं बोलणं सांगितलं. खायला घातलं नसतं तर मी जगलोच नसतो, हे. पोपटनं मळणं थांबवलं. "ह्ये तिला सांगाया पायजे हुतं," तो म्हणाला. मग तंबाखू दाढेला ठेवून म्हणाला, "मला तर लोनी कधी आवडलंच न्हाई." साठीच्या घरातला माणूस इतकं सरळ खोटं बोलताना मी पाहिला नव्हता.

तेव्हापासून मी या गाठीत अडकलोय. अर्धं सांगितलं म्हणून तिच्या छातीवरचं पोपटचं ओझं उतरलं. त्याच अर्ध्यानं तिथंच माझं ओझं चढलं. पूर्ण सांगितलं असतं तर कदाचित पोपटचं पुन्हा चढलं असतं... की दोन्ही उतरली असती? रोज बोट टोचताना विचार करतो आणि रोज वेगळं उत्तर येतं.

निघताना मंदावहिनींनी ती पितळी वाटी माझ्या हातात दिली. चिंचेनं घासून लख्ख केलेली. काकूनंच मी येऊन गेल्यावर दोन दिवसांनी घासून ठेवली होती, ओवीसाठी. वाटीत मूठभर भाजलेले शेंगदाणे होते. वहिनी म्हणाल्या, "भांडं रिकामं देऊ न्हाई ना, भावजी. आत्याबाई म्हनल्या हुत्या, लोनी घालू नगा, गूळ बी नगं. डाक्टरला इचारून काय चालतंय त्ये घाला. मी कोनाला इचारू? आमच्या यान्ला ल्हानपनी जे खाऊ घालायच्या, त्येच घातलं."

डॉक्टरला मी विचारलं. तो म्हणाला, "एवढ्या लहान बाळाला गूळ नको. घरचं तूप थोडं चालेल की, चांगलंच आहे." म्हणजे काकू निम्मी बरोबर होती. मीही निम्माच.

आता ओवी त्याच वाटीतून ज्वारीच्या कण्यांची पेज खाते. काल सुमननं वर तूप सोडलं आणि चमचा माझ्या हातात दिला. ओवीनं आ केला. मी पेज ढवळली, तूप दिसेनासं होईपर्यंत ढवळली, आणि तिला भरवलं. वाटी संपल्यावर काठाला थोडं तूप उरलं होतं. ते मी बोटानं पुसून घेतलं आणि कुणी बघत नाही असं पाहून खाल्लं. सकाळचं टोचलेलं तेच बोट होतं. काकूला हे सांगायला हवं होतं.