काटा शून्यावर आणताना

इंदापूरच्या मोटार रिवायंडिंगच्या, म्हणजे पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळायच्या दुकानात मी जेमतेम वर्षभर होते, पण किस्से सांगायला बसले की चहा गार होतो. निम्म्यांत मी घाबरलेय, उरलेल्यांत माझ्यामुळं दुसरं कुणीतरी.

साल त्र्याण्णव. डिप्लोमा नुकताच झालेला. मालक तात्या म्हणाले होते, तीन महिने बघू, जमलं तर ठेवू. त्या 'तर'नं माझी भूकच गेली होती.

पहिल्या दिवशी तात्यांनी काट्याचा मल्टिमीटर हातात दिला. रेझिस्टन्स मोजायच्या आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवायच्या आणि नॉब फिरवून काटा उजवीकडच्या शून्यावर आणायचा. मी पिना टेकवल्या, काटा सर्रकन धावला आणि मी मीटरच सोडून दिला! तात्यांनी तो हवेत झेलला.

"अगं, आत पेन्सिल सेल हाय. वाघ न्हाय."

एकदा काटा शून्यापर्यंत जाईचना. मी नॉब फिरवत राहिले, तो निघून हातातच आला. रुमालात बांधून तात्यांसमोर ठेवला आणि म्हटलं, मी उद्यापासून येत नाही. तात्या खाली बघायला लागले. मॅचच्या कॉमेंट्रीसाठी मीटरचे चांगले सेल त्यांनीच रेडिओत घातले होते, आणि रेडिओचे मेलेले मीटरमध्ये.

"सेल गेलं, मॅच गेली. आता तू तरी ऱ्हा."

अंथुर्ण्याचे एक बागायतदार मोटार घेऊन आले. मी मीटर लावला. आतल्या तारेचं वायंडिंग जळून बॉडीला टेकलेलं, त्यामुळं काटा थेट उजव्या टोकाला. त्यांना ट्रॅक्टरचा डिझेलचा काटा माहीत. "फुल्ल हाय की!" म्हणाले. मी घाबरून मान डोलावली. त्यांनी मोटार परत टेम्पोत चढवली. तात्या मागं पळाले.

"पाव्हणं, हितं फुल्ल म्हंजी जळाली!"

तीन महिने संपायला दोन दिवस उरले, तेव्हा तात्या लग्नाला गेलेले आणि पळसदेवच्या आबांची मोटार बंद पडली. मी एकटी गेले. तात्यांचा नियम असा, की मीटर लावायच्या आधी मेन स्विच बंद करून फ्यूज काढायचे आणि स्वतःजवळ ठेवायचे, कुणाच्या हाती द्यायचे नाहीत. मी तिन्ही फ्यूज पर्समध्ये टाकले. पिना टेकवल्या, शून्य आणलं, मोजलं. वायंडिंग ठणठणीत, केबलचा जॉइंट तेवढा तुटलेला. तो जोडला आणि एसटी गाठली.

सकाळी आबा दुकानात हजर. मोटार चालूच झाली नव्हती. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पर्स उघडली, डब्याखालून तीन फ्यूज काढून टेबलावर ठेवले आणि नोकरी गेली असं समजून रडायला लागले.

तात्या आबांना म्हणाले, "फ्यूज बरोबर घेऊन गेलेला माणूस आजवर शॉक लागून मेला न्हाय, आबा."

आबांनी फ्यूज सदऱ्याच्या खिशात घातले.

"आमी तीन फ्यूज जास्तीचे आणून ठिवतो. पण तात्या, पोरगी हीच धाडा."