क्वार्टरमागचं धान

आमचं वावर कोळशाच्या खाणीत गेलं. बदल्यात बाबांना खाणीत नोकरी मिळाली आणि आम्ही भद्रावतीजवळच्या कॉलनीत राहायला आलो. गावी आश्विनात नवं खाण्याचा सण असायचा. वावरातल्या पहिल्या धानाचा भात पळसाच्या पानावर आधी पितरांना, मग आम्हाला. तोवर नवा दाणा कोणी तोंडात टाकत नसे. कॉलनीतल्या पहिल्या वर्षी बाबांनी बाजारातून नवा तांदूळ आणला. आईनं तो पिशवीतून बाहेरच काढला नाही.

“बाजारातलं नवं म्हणजे दुसऱ्याचं नवं,” ती म्हणाली.

पुढच्या पावसाळ्यात तिनं चामोर्शीकडच्या मामाकडून लवकर येणाऱ्या हलक्या धानाचं बियाणं मागवलं. क्वार्टरमागची पाण्याची टाकी गळायची, तिथं कायम चिखल. तिनं बांध घालून तिथंच रोवणी केली. धान लोंबीवर आलं तेव्हा कॉलनीचे साहेब आले. डास होतात, इथं फुलझाडंच लावायची, हे काढून टाका म्हणाले.

“फुलं खाऊन सण होते काय, साहेब?” आईनं विचारलं.

मग त्यांनी धान कापायला माळी पाठवला. आई धानाच्या मधोमध चिखलात जाऊन बसली. मी तिच्या शेजारी बसले. भिंतीपलीकडची बाई, बौद्ध घरातली, भाजी निवडायची सोडून आली.

“सण आमचा नाई, पण वावर आमचंबी गेलं,” म्हणत तिनं पातळ आवरलं आणि तीही बसली. माळ्यानं बराच वेळ वाट पाहिली आणि विळा पिशवीत घालून तो निघून गेला.

साहेबांनी बाबांना बोलावून घेतलं. नोकरीला जपून बाबा कोणापुढं ब्र काढत नसत. ते काय कबूल करून येतात, याची मला धास्ती होती. पण त्यांनी तिथं एवढंच सांगितलं, “धान तिचं आहे साहेब, तिलेच सांगा.” घरी येऊन त्यांनी हे सांगितलं आणि ते मागं पाखरं हाकायला गेले.

निम्मं पाखरांनी खाल्लं. उरलेलं एका सुपात मावलं. उखळ नव्हतं, आईनं खलबत्त्यात कांडलं. आमचं वावर होतं तिथं आता खाणीतल्या मातीचा डोंगर आहे. त्याकडे तोंड करून तिनं पान ठेवलं आणि गेलेल्या सगळ्यांची नावं घेतली, अख्ख्या कॉलनीला ऐकू जातील इतक्या मोठ्यानं. मग भिंतीपलीकडच्या बाईसकट सगळ्यांनी एकेक घास खाल्ला.

पुढं ती जागा साहेबांनी सिमेंटनं बुजवली. आईनं फुटक्या बादल्यांत धान लावलं. यंदा मीही लावलंय. मागं नाही, समोर, साहेबांच्या गाडीतून दिसेल असं.