मंजुरीसाठी थांबलेल्या शिव्या

माझी मैत्रीण एका दुसऱ्या बाईला 'भवाने' म्हणाली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिवी मला दिली नव्हती. माझं दुखणं नेमकं तेच होतं.

हे कळायला आमच्या गावची रीत माहीत पाहिजे. राणीसावरगावात आमच्या लहानपणी जवळच्या माणसाला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. नाव शाळेच्या हजेरीपुरतं. अहोजाहो तलाठ्याला, डॉक्टरला आणि नव्या जावयाला. आपलं जे माणूस, त्याला शिवी. माझी आई शेजारणीला 'मेले, जिती हाईस का?' अशी हाक मारायची आणि शेजारीण हातातलं काम टाकून यायची. एकदा आईनं तिला सरळ नावानं हाक मारली, तेव्हा आम्हा पोरांना कळलं की दोघींचं काहीतरी बिनसलंय.

त्या शेजारणीची मुलगी म्हणजे माझी ही मैत्रीण. शिव्या मीही द्यायचे, पण तिची सर मला नव्हती. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की मोठी माणसंही थांबून ऐकत. शाळेला उशीर केला की मी 'टवळे', तिच्या वाटणीचा पेरू खाल्ला की 'भवाने', आणि मला ताप आला की दारात उभी राहून 'मेलीस का? मरू नकोस बरं' म्हणायची. मी डी.एड.साठी परभणीला निघाले तेव्हा ती एसटीच्या खिडकीखाली उभी होती. तिथून तिनं मला अशी एक हासडली की भांडण लागलं समजून कंडक्टर खाली उतरला. मी गंगाखेड येईपर्यंत रडत होते.

पुढं मला नोकरी लागली, लग्न झालं, परभणीत घर झालं. तिला पालमला दिली. तिथं तिनं शिवणाचं दुकान टाकलं, ब्लाऊज आणि फॉल-बिडिंगचं, आणि ते चांगलं चाललं. एकदा ती माझ्या घरी आली. बाहेरच्या खोलीत सासरे पेपर वाचत बसले होते. तिनं त्यांच्याकडं पाहिलं, पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "मॅडम, कशा हाव?"

मी हसले. मला वाटलं, चेष्टा करतेय. चेष्टा नव्हती. त्या दिवशी चिकटलेलं 'मॅडम' आणि 'तुमी' काही केल्या निघालं नाही. सासरे वारले, मुलं मोठी झाली, तरी 'तुमी' तसंच.

"अगं, मला कामून तुमी म्हणायलीस?" मी एकदा चिडून विचारलं.

"आसं कसं? लेकरं शिकविता तुमी. मान द्यावा लागतो की," ती म्हणाली.

मान! कुणी मागितला होता मान? शाळेत दिवसभर मानच मिळतो. गुरुजी देतात, पालक देतात, केंद्रप्रमुखसुद्धा देतात. मानानं पोट भरलं असतं तर मी सुखी बाई असते.

मग हा ग्रुप आला. परभणीतल्या एका साडी विकणाऱ्या बाईनं मोबाईलवर जिल्ह्यातल्या बायकांसाठी तो काढला. त्यात शिवण, रेसिपी, साड्या, सासरची गाऱ्हाणी, सगळं. मी तिथं दुसरी अ‍ॅडमिन. माझी मैत्रीण पालमहून त्यात आली आणि आल्या आल्या तिथली झाली. पुढं बायकांच्या नावानं काही पुरुष घुसले आणि एका मुलीच्या फोटोखाली इतकं घाण लिहिलं की पोरीनं आठवडाभर फोन बंद ठेवला. साडीवाली घाबरली. तिनं आपोआप शिव्या गाळणारं फिल्टर सुरू केलं. त्याला इंग्रजी-हिंदीतल्या शिव्या येत होत्या, मराठीतल्या शिकवाव्या लागणार होत्या.

"मॅडम, तुमचं मराठी शुद्ध आहे. तुम्हीच शब्द भरा," ती म्हणाली.

शुद्ध मराठीच्या जोरावर मला शिव्या गोळा करायचं काम मिळालं. मी बसले आणि भरत गेले. अडले नाही कुठं. एकेक शब्द टाइप करताना तो मला एकाच आवाजात ऐकू येत होता, आणि तो आवाज कुणाचा ते सांगायला नको. आता यातला कुठलाही शब्द कुणी लिहिला की ती कमेंट ग्रुपवर दिसायची नाही. ती अ‍ॅडमिनकडं येऊन थांबायची आणि आम्ही 'मंजूर' दाबलं तरच पुढं जायची. साडीवालीला दुकानातून फुरसत नसायची. म्हणजे सगळं माझ्याकडंच.

ते पुरुष केव्हाच पळाले होते. माझ्याकडं येऊन थांबू लागल्या त्या माझ्या मैत्रिणीच्या कमेंट. आणि सगळ्या एकीसाठीच. ग्रुपमध्ये परभणीची एक ब्युटी पार्लरवाली नव्यानं आली होती. कानामागून आली आणि तिखट झाली. तिनं लग्नाला जातानाचा फोटो टाकला की माझ्याकडं लगेच येऊन पडायचं:

"भवाने, पाठ उगडी टाकून कुठं निगालीस? गळा मी शिवला आस्ता तर आसा लोंबला नसता."

दुसऱ्या दिवशी: "टवळे, फोन कामून उचलंनास? मेलीस का?"

'मेलीस का' माझं होतं. माझं, तापातलं. ते तिनं उचलून एका भुवया कोरणाऱ्या बाईला देऊन टाकलं होतं, जिला ती दोनचारदाच भेटली असेल. मी शाळेच्या मधल्या सुट्टीत हे वाचायचे आणि डबा तसाच बंद करायचे. दुसऱ्यांची प्रेमपत्रं पोचवणाऱ्या पोस्टमनला कसं वाटत असेल, ते मला कळलं. पोस्टमनला निदान पाकीट बंद मिळतं.

मी काही मंजूर केल्या. 'भवाने' असलेली एकही केली नाही. नियम म्हणजे नियम.

तिचा फोन आला. "मॅडम, माजी कमेंट दिसंना."

"शिवी होती त्यात. फिल्टर अडवतं."

"आवं, शिवी कुठं दिली? मी तर बोलायलते तिला."

तिचं बरोबर होतं. ती बोलतच होती. मशिनला ते कळत नव्हतं आणि मला कळत होतं, म्हणून तर माझा जळफळाट होत होता.

मशिनला काय काय कळत नाही ते लवकरच दिसलं. एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. तिनं धीर करून ग्रुपवर लिहिलं. खाली एका बाईनं लिहिलं, "ताई, देव करतो ते भल्यासाठीच. मुलाकडच्यांना काहीतरी वेळेवर कळलं असेल. काळजी घ्या." पुढं गुलाबाचं फूल. फिल्टरनं हे विष सुखरूप पुढं सोडलं, त्यात एकही वाईट शब्द नव्हता ना! त्यावर माझ्या मैत्रिणीनं त्या गुलाबवालीची जी हजेरी घेतली ती मात्र माझ्याकडं अडकली. मी ती वाचली आणि खडूच्या हातानं तिथल्या तिथं मंजूर केली.

साडीवालीचा फोन आला. "मॅडम, हे कसं सोडलंत तुम्ही? किती घाण भाषा आहे!"

"आणि त्या गुलाबाखाली काय आहे, ते वाचलंत?"

"पण त्या सभ्य बोलल्यात."

"मग सभ्य बोलून कुणीही कुणाचा गळा कापावा का? चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला मी इथं बसले नाही," मी म्हणाले. तिनं ऐकून घेतलं आणि माझ्या मैत्रिणीची कमेंट स्वतः काढून टाकली. ग्रुप तिचा, मालकी तिची.

मैत्रीण गप्प बसणारी नव्हतीच. तिनं दुकानातल्या शब्दांतून नव्या शिव्या शिवल्या. 'ए ढिल्या बाहीचे', 'उसवल्या टिपेचे', 'अस्तर फाटके'. फिल्टरला वाटलं, बाया शिवणाबद्दल बोलतायत. आठ-पंधरा दिवसांत सगळा ग्रुप तसा बोलायला लागला. जिंतूरच्या बाया पालमच्या बायांना 'उलट्या काजाचे' म्हणत होत्या आणि एकमेकींवर खूश होत होत्या. एक आख्खी भाषा माझ्या डोळ्यांदेखत तयार झाली आणि तिच्यातला पहिला मान पार्लरवालीचा. माझ्या पोस्टखाली मैत्रिणीचं ठरलेलं एकच: "छान माहिती मॅडम," आणि हात जोडलेले.

एका रविवारी मी ब्लाऊजपीस घेऊन पालमची एसटी धरली. परभणीत टेलर काय मेले नव्हते, पण मला जायचं होतं. दुकानात तीनचार बाया मशिनपाशी खाली बसलेल्या. मला पाहताच ती उठली.

"आगं बाई, मॅडम! सरका गं सगळ्या. खुर्ची पुसा."

"मी बसते खाली."

"न्हाई न्हाई, खाली धागेदोरे हायत, तुमची साडी खराब व्हईल."

मला खुर्चीवर बसवलं. सगळ्यांचा चहा ग्लासातून, माझा कपबशीतून. माझं माप घेताना ती इतक्या अदबीनं टेप धरत होती की मी तहसीलदारीणच. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं तो स्पीकरवर टाकला, कारण हातात माझी बाही होती.

"बोल की मेले! आज कशी याद आली?" आणि तिकडून पार्लरवालीचं खदाखदा हसू. दोघी बोलल्या बोलल्या, शिव्यांशिवाय वाक्य नाही. बाया खाली बसून हसत होत्या. मी खुर्चीत एकटी, मापासाठी हात वर केलेला. फोन ठेवून ती मला म्हणाली, "माफ करा हां मॅडम, तुमच्याम्होरं आसलं बोलणं झालं."

येताना मी एसटीत ठरवलं. मान सोडायचा असेल तर आपणच सोडला पाहिजे. ती शिवी देत नाही तर मी देते, माझ्या तोंडातून निघाली की तिचीही निघेल. घरी आल्याबरोबर मोबाईल काढला. तिनं नवीन शिवलेल्या ब्लाऊजचा फोटो टाकला होता. खाली मी लिहिलं:

"भवाने, ह्या बाहीला टीप मारलीस का नुसत्या माशा मारल्यास?"

लिहून मी डोळे मिटून बटण दाबलं. या वयात! माझीही कमेंट फिल्टरनं अडवली, कारण तो शब्द मीच भरला होता. मीच ती मंजूर केली.

मी कुकर लावला. मग फोन थरथरायला लागला तो थांबेना. पहिली साडीवाली: "सर्वांनी लक्ष द्या. मॅडमचं अकाउंट हॅक झालं आहे. त्यांच्या नावानं लिंक आली तर उघडू नका." खाली बायांची रांग. 'अरे देवा.' 'आजकाल कुणाचा भरवसा नाही.' पार्लरवालीनंही लिहिलं होतं, 'बिचाऱ्या मॅडम.' आणि त्याखाली माझी मैत्रीण:

"मी मॅडमला लहानपणापासून वळखते. आसली भाषा त्यांच्या तोंडात कवाच नव्हती."

कवाच नव्हती! तिच्या मागं बोरीच्या काट्यांतून धावताना काय ओरडत होते मी? मुकी होते? मी फोन हातात धरून ओट्यापाशी उभी राहिले आणि मला रडायला आलं. राग पण आला.

तिचाच फोन आला. "मॅडम, घाबरू नका. तुमच्या नावानं कुन्या मुडद्यानं घाण लिवलंय. मी रिपोर्ट केलाय. पासवर्ड बदला लौकर."

तेव्हा सांगायला हवं होतं. 'मीच आहे गं टवळे,' एवढंच. पण तिच्या आवाजात खरी काळजी होती. खरं कळलं असतं तर ती हसली नसती, तिला कसंतरी झालं असतं. मॅडमचं डोकं फिरलं म्हणून ती घरी भेटायला आली असती. फळं घेऊन.

"बदलते," मी म्हणाले.

"आन् एक सांगू? त्या मेल्याला मी लय शिव्या घातल्यात तितं खाली. त्या तुमच्या फिल्टरात आडकल्या आस्तील. तुमी वाचू नका हां. काढून टाका तशाच."

मी हो म्हणाले, गॅस बंद केला आणि पाटावर बसले. मंजुरीसाठी एकच कमेंट थांबली होती, भली लांब. माझ्या कमेंटला उत्तर म्हणून लिहिलेली, वर माझंच नाव. इतक्या वर्षांत तिनं माझ्या नावापुढं शिवी लिहिली ती ही पहिली, आणि ती मला नव्हती. मी वाचत गेले. मंजूर केली नाही, काढूनही टाकली नाही. त्यात आमच्या जुन्या शिव्या सगळ्या होत्या. एक मात्र नवी कोरी होती, पार्लरवालीच्या वाट्याला अजून न आलेली. ती कोणती ते मी कुणाला सांगणार नाही.