पोपटीतलं पाणी

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्याच्या आवडत्या शर्टाला इस्त्रीने भोक कुणी पाडलं, ते सांगून झालं. लग्नाआधी मला कोण आवडायचा, तेही सांगून झालं. हे मात्र नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या गागोद्याच्या घरी पोपटी खायला येण्याची शक्यता कमी.

आधी एक कबूल करते – मला कंद सोलायचा भयंकर कंटाळा आहे. तुम्ही कधी कोनफळ सोललंय? वरून मातीचं ढेकूळ, त्याला केस, आत जांभळं आणि बुळबुळीत. विळीवर धरावं तर साबणासारखं निसटतं, आणि वर हाताला खाज सुटते ती वेगळीच. मी रोह्याला, अष्टमीत राहते. नवऱ्याची कंपनीत शिफ्ट, माझी नोकरी. कोपऱ्यावरच्या दुकानात मोठा फ्रीझर आला आणि त्यात सोललेल्या, चौकोनी कापलेल्या कोनफळाची पाकिटं दिसली, तेव्हा मला खरंच भरून आलं. घरच्या भाजीत कुणाला फरक कळला नाही. गोठलेलंच कढईत टाकायचं, पाणी सुटतं ते आटवायचं, झालं. उलट कौतुक झालं – रोजच्या धावपळीत ही पोरगी कोनफळ सोलते! मी मान खाली घालून ते कौतुक घेतलं. घ्यायला नको होतं का? नको होतं. पण एवढंच असतं तर आज बोलले नसते.

गागोद्याला माझे सासरे, आबा, भातशेती करतात आणि नंतर वाल लावतात. वालाला शेंगा भरल्या की थंडीत शेतावर पोपटी होते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, मग बटाटे, अंडी, कंद, पुन्हा शेंगा. तोंडाला पाल्याचा बोळा. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. आत पाण्याचा थेंब घालायचा नाही. सगळं आपल्या वाफेवर शिजतं, तीच तर पोपटीची गंमत. मडकं भरायचं काम आबांचं. आळीतली दुसरी घरंही आपलं मडकं भरायला त्यांना बोलवत. कुणी मध्येच हात घातला तर आबा काही बोलत नसत, फक्त बघत. तेवढं पुरायचं.

त्या वर्षी रानडुकरांनी परसातलं कोनफळ उकरलं. आबांचा फोन आला – पेण वाटेतच लागतं, बाजारातून चांगलं मातीचं कोनफळ आण. मी हो म्हटलं. आणि पेणला उतरलेच नाही. नवी साडी, नवी पिशवी, त्यात ती माती कोण घेणार? अष्टमीतूनच दोन पाकिटं कागदात गुंडाळून नेली. पोचल्यावर सासूबाईंच्या फ्रीझरमध्ये बर्फाच्या ट्रेमागे लपवली. दुपारी त्या मळ्यात गेल्या तशी मी पाकिटं फोडली, तुकड्यांना मीठमसाला चोळला आणि केळीच्या पानात घट्ट पुडी बांधून पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवली. मग सांगितलं, सोलूनच ठेवलंय, आबांना त्रास नको. हाताला खाज सुटली असेल म्हणून सासूबाईंनी माझ्या दोन्ही तळहातांना खोबरेल तेल चोळलं. खाज कसली? पण मी चोळून घेतलं. वर हुश्श केलं.

आबांनी पुडी हातात घेतली. थंडगार हाय गो, म्हणाले. मी म्हटलं, फ्रिजमध्ये ठेवली होती. दिवसभरात मी बोललेलं तेवढंच एक खरं वाक्य.

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नव्हतं आलं. जाळ पेटला, आणि थोड्याच वेळात मडक्याच्या तोंडाकडून जांभळं पाणी ओघळायला लागलं. निखारे चुरचुरत विझायला लागले. धाकट्या दिराने पुन्हा पुन्हा पेंढा लावला, पण शेवटी मडकं फोडलं तेव्हा अर्धे वाल कच्चे, अर्ध्यांचा लगदा, आणि अंडी जांभळी. जांभळी अंडी पाहिलीयत कधी? मंडळी आधी हसली. मग शेजारचं कुणीतरी म्हणालं, आबांचं वय झालं. चांगल्या मनानेच म्हणालं.

तेव्हा बोलायचं होतं. एकच वाक्य तर होतं – आबा, बर्फ माझा. लोक हसले असते, दोन वर्षं चिडवलं असतं, संपलं असतं. मी काय केलं? मी जांभळं अंडं सोललं आणि म्हटलं, चव छान आहे.

आबांनी कोनफळाचं नावही काढलं नाही. बोळ्याचा पाला हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "पाला ओला रायला. झटकला नाय मी नीट. आता नाय जमत."

पुढच्या थंडीपासून मडकं धाकटा दीर भरतो. तो दरवेळी जाळतो. वाल कोळशासारखे येतात आणि मी ते कुरकूर न करता खाते, दोनदा मागून घेते. मी आता कोनफळ पेणच्या बाजारातून आणते, मातीसकट, केसांसकट. नवी पिशवी त्यातच गेली. रोह्याच्या घरी पाकिटं अजूनही येतात, ते खोटं नाही बोलणार. पाकिटाचा दोष नव्हताच. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं की आत काय आहे. खोटं मी बोलले.

आणि आबा? आळीतून त्यांना आता कुणी बोलवत नाही, आणि आमच्या मडक्याजवळही ते जात नाहीत. बांधावर बसून पाला झटकतात. दुपारपासून. एक एक डहाळी, पान पान.

मागच्या पोपटीला मी जाऊन त्यांच्याशेजारी बसले. सांगायचंच म्हणून बसले होते. त्यांनी एक डहाळी माझ्या हातात दिली.

"नीट झटक गो," म्हणाले. "एक थेंबबी पुरतो."

मी झटकली. ती कोरडी होती.